पुन्हा उघडता येईल असा रॉड

माझ्याकडे दुरुस्तीला येणारे गळाचे रॉड बहुतेक टोकाशीच मोडलेले असतात. गाडीचं दार, छताचा पंखा, नाहीतर लाइनची गाठ टोकाच्या कडीत अडकली असताना तसंच फिरवत राहिलेलं रीळ. कारणं ठरलेली आहेत. शेवटची कडी, म्हणजे टिप-टॉप, एका बारीक धातूच्या नळीला जोडलेली असते आणि ती नळी रॉडच्या टोकावर चढवून चिकटवलेली असते. ती काढायची तर आच नळीला द्यायची, रॉडच्या कार्बनला नाही. लायटरची ज्योत दोन-तीन सेकंद फिरवायची आणि पक्कडीने सरळ रेषेत ओढायचं. पिळायचं नाही, पिळलं की टोकाचे तंतू उकलतात. आत गरम करून वितळणारा गोंद असेल तर कडी सहज हातात येते. पक्कं इपॉक्सी भरलेलं असेल तर ते सैल पडेपर्यंत द्यावी लागणारी आच कार्बनचे तंतू धरून ठेवणाऱ्या रेझिनलाही सोसत नाही, आणि कडीबरोबर टोकाचा तुकडाही निघून येतो.

त्या दीड-दोन मिलिमीटरच्या नळीत आधीच्या माणसाने काय भरलं, यावर पुढची दुरुस्ती पाच मिनिटांची की अशक्य, हे ठरतं. मी रॉड बांधायला शिकलो तो अशा दुरुस्त्या करता करता. त्यामुळे आज नवा रॉड बांधायला घेतला की पहिला प्रश्न हाच येतो: हे उद्या कुणाला उघडावं लागलं तर उघडेल का?

टिप-टॉपच्या नळीचं माप इंचाच्या 64 भागांत सांगायची पद्धत आहे. 4.5 माप म्हणजे आतला व्यास 4.5/64 इंच, साधारण 1.8 मिलिमीटर. अर्ध्या मापाचा फरक म्हणजे 0.2 मिलिमीटर, पण तेवढ्यानेही कडी डुगडुगते. टोक तुटून दोन-चार सेंटीमीटर गेलं असेल तर तिथे ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ नळी, जाड असतो, म्हणून मोठ्या मापाची कडी लागते आणि रॉड थोडा ताठ होतो. हाताला ते फारसं कळत नाही. त्याहून जास्त गेलं असेल तर मात्र मी आधीच सांगून टाकतो की रॉड वापरता येईल, पण तो पूर्वीचा राहणार नाही.

टोकाखालोखाल येतात त्या मधल्या कड्या, म्हणजे गाइड. लाइन ज्यातून सरकते ते आतलं कडं सिरॅमिकचं असतं, ॲल्युमिनियम ऑक्साइडचं किंवा त्याहून कठीण अशा सिलिकॉन कार्बाइडचं. त्याला केसाएवढा तडा गेला की वरून काही दिसत नाही, पण लाइन तिथे कातरली जाते आणि माणूस लाइनच्या नावाने बोटं मोडत बसतो. लाइन वारंवार तुटते अशी तक्रार आली की मी कापूस गुंडाळलेली काडी प्रत्येक कड्याच्या आतून फिरवतो. तडा असेल तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. बोटाला न लागणारी खाचही कापसाला लागते.

खराब गाइड काढताना ब्लेड कुठे चालवायचं हे समजणं म्हणजे अर्धी विद्या. गाइडचा पाय ब्लँकवर ठेवून त्यावर धाग्याचे वेढे घेतलेले असतात आणि वेढ्यांवर इपॉक्सीचा थर असतो. ब्लेड फक्त पायाच्या धातूवरून, लांबीच्या दिशेने चालवायचं, म्हणजे खाली ब्लँकला धार लागतच नाही. धागा त्या रेषेत कापला गेला की किंचित ऊब देऊन नखाने सोलायला घ्यायचं. इपॉक्सी धाग्यासकट पापुद्र्याने निघतं. कार्बनच्या नळीवर ब्लेडची एक आडवी रेघ उमटली तर तो रॉड आज ना उद्या, भार आला की, त्याच रेघेवर तुटतो. सोललेल्या जागी आधीच्या कारागिराचं काम उघडं पडतं: कुणी पाय घासून पातळ केलेला असतो, कुणी तसाच जाड ठेवून वरून इपॉक्सीचा गोळा चढवलेला असतो. दुसऱ्याच्या हातचे वेढे सोलत असताना मला जे समजलं, ते नवा रॉड बांधत असताना समजलं नसतं.

मग आमच्या एका काकांचा रॉड आला, मधोमध तुटलेला. फायबरग्लासचा, जुना, मुठीचं कॉर्क हाताच्या घामाने काळं पडलेलं. "तुला जमेल ते कर," काका म्हणाले, "पण मला हाच हवा."

मधोमध तुटलेली नळी जोडायची म्हणजे आतून पाचर घालायची. भंगारातले मोडके रॉड मी याचसाठी साठवतो; त्यांतल्या एखाद्याचा निमुळता तुकडा बरोबर त्या जागी घट्ट बसतो. तुकडा रॉडच्या जाड बाजूने, म्हणजे बुडाकडून आत सोडायचा, म्हणजे तो सरकत जाऊन तुटलेल्या जागीच अडकतो आणि पुढे जात नाही. दोन्ही बाजूंना नळीच्या व्यासाच्या आठ-दहा पट लांबी आत राहिली पाहिजे. पण त्याआधी खरं काम असतं ते चिरा शोधण्याचं. नळी एका जागी मोडते, चिरते मात्र बरीच पुढेपर्यंत. बोटांच्या चिमटीत नळी दाबत दाबत तुटलेल्या टोकापासून मागे जायचं. जिथे ती किंचित दबते किंवा करकरते, तिथवर चीर आहे. सगळं चिरलेलं कापून टाकावं लागतं. कापताना आधी मास्किंग टेपचा वेढा द्यायचा आणि बारीक कानशीने नळी फिरवत फिरवत खाच पाडायची. पक्कडीने तोडायला गेलं तर तुकडे उडतात. कार्बन किंवा ग्लास घासताना पाणी लावायचं आणि तोंडावर मास्क बांधायचा, कारण ती धूळ फुप्फुसात जायला नको.

काकांच्या रॉडची दोन्ही टोकं सरळ कापून, नळीची आतली बाजू काडीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने खरवडून, स्पिरिटने पुसून मी सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी लावलं आणि पाचर बसवली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून धाग्याचे घट्ट वेढे दिले. नळी फुटते ती बहुधा काठावर, पाचरीच्या जोराने आतून उलत जाते. वेढे तो जोर अडवतात. रॉड पुन्हा वाकायला लागला. सांध्यापाशी बाक जरा ताठ राहिला, आणि तो राहणारच. दोन नळ्या एकावर एक असल्या की तिथे वाकण्याची खुशी कमी होते. टोकाकडच्या बारीक भागात मी असा सांधा करत नाही ते त्याचसाठी.

फायबरग्लासचा रॉड जोडत असताना त्याचा जन्मही दुरुस्तीतूनच झाला हे आठवतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चांगला रॉड म्हणजे बांबूचा, सहा त्रिकोणी चिपा तासून, चिकटवून केलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून येणारा टोंकिन बांबू मिळेनासा झाला. अमेरिकेत आर्थर हॉवल्ड या शास्त्रज्ञाच्या बांबूच्या रॉडचं टोक मोडलं, आणि त्यांनी काचेचे तंतू आणि रेझिन यांचं टोक करून बसवलं. त्यातून पुढे काचतंतूचे रॉड बाजारात आले. कार्बनचे तंतू ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात 1960च्या दशकात आकाराला आले आणि 1970च्या दशकात रॉडमध्ये उतरले. आजचा बहुतेक प्रत्येक हलका रॉड त्यांचाच असतो.

जोडलेला रॉड काकांनी वापरला, आणि मग स्वतःच म्हणाले, "आता खांदा दुखतो. एक हलका करून दे." नवा रॉड मुळापासून बांधायला घेतला तो त्यांच्या खांद्यासाठी.

ब्लँक निवडला 7 फुटी, दोन तुकड्यांचा, कार्बनचा, मध्यम ताकदीचा. ब्लँक कसा बनतो हे माहीत असलं की तो निवडायला सोपं जातं. रेझिनमध्ये भिजवलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी ताणून लपेटतात आणि भट्टीत भाजतात. सळई काढून घेतली की उरते ती ब्लँकची पोकळ नळी. निमुळतेपणा कसा आहे त्यावर रॉड कुठे वाकणार हे ठरतं. टोकाच्या तिसऱ्या हिश्शातच वाकतो तो फास्ट, मध्यापर्यंत वाकतो तो मॉडरेट, मुठीपर्यंत वाकतो तो स्लो. ताकद ही वेगळी गोष्ट. वाकवायला किती जोर लागतो ती ताकद. विकत घेणारे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात. काका लहान स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारी खोटी आमिषं, फेकतात आणि मासा हळू दमवतात, म्हणून मी मॉडरेट-फास्ट घेतला. फार ताठ, उच्च मॉड्युलसचा कार्बन जाणूनबुजून टाळला. तो वजनाला हलका आणि हाताला तरतरीत असतो, पण नावेच्या काठावर आपटला की त्याला माफी नसते.

कापड गुंडाळताना एका बाजूला थर किंचित जास्त येतात. त्यामुळे ब्लँक एका दिशेने जरा अधिक ताठ असतो. त्याला स्पाइन म्हणतात. बूड गुळगुळीत फरशीवर टेकवायचं, टोक तळहातावर ठेवून नळी मधोमध दाबून वाकवायची आणि गोल फिरवायची. एका जागी ती उडी मारून स्थिर होते. गाइड या रेषेवरच लावावेत, नाहीतर रॉड पिळवटतो, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. भार आला की रॉडला पिळवटतात ते वरच्या बाजूला बसवलेले गाइड आणि त्यांवरून जाणारी लाइन. स्पाइनचा वाटा त्यापुढे अगदी थोडा. स्पिनिंग रॉडला रीळ खालच्या बाजूला असतं आणि गाइडही खालीच लटकतात, म्हणून तिथे हा प्रश्न येतही नाही. मी स्पाइन शोधतो, खूण करतो, आणि मग ब्लँक डोळ्यासमोर धरून कोणत्या बाजूने सरळ दिसतो ते बघतो. प्रत्येक ब्लँकला थोडा बाक असतो. तो बाक वर किंवा खाली जाईल असा ठेवला की रॉड सरळ दिसतो.

मूठ मी कॉर्कचीच करतो. ईव्हीए फोम स्वस्त, एकसारखा आणि टिकाऊ आहे हे मान्य, पण ओल्या हातात कॉर्क धरलं की माशाची हलकी टोचही जशी कळते, तशी फोममध्ये मला कळत नाही. कॉर्क ओकची साल म्हणजे कॉर्क. सगळ्यात जास्त उत्पादन पोर्तुगालमध्ये होतं. झाड न तोडता नऊ वर्षांनी एकदा साल काढतात. चकत्या अर्धा इंच जाडीच्या मिळतात. चांगल्या चकतीत छिद्रं कमी आणि बारीक. हलक्या प्रतीत छिद्रं भुश्शाने आणि गोंदाने बुजवलेली असतात, ती वर्षभरात उकलून बाहेर येतात. मेण लावलेल्या आट्याच्या सळईवर चकत्या गोंद लावून रचल्या आणि दोन्ही बाजूंनी नट आवळले. मेणामुळे सळई मागाहून सुटते. दुसऱ्या दिवशी ती सळई ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने आकार दिला: 80 नंबरने मोठा भाग उतरवला, मग 120, 220, शेवटी 400. काकांचा अंगठा मी आधीच मोजून ठेवला होता. तो जिथे टेकतो तिथे मूठ बारीक केली, आणि तळहाताखाली थोडी फुगीर. बाजारच्या मुठीत हे सगळ्यांच्या हाताला एकच असतं. हाताने बांधलेल्या रॉडचा मोठा फायदा मला इथे दिसतो.

मूठ ब्लँकवर चढवायची तर आतलं भोक निमुळतं हवं. भोक निमुळत्या रीमरने थोडं थोडं वाढवत जायचं आणि दर वेळी ब्लँकवर चढवून बघायचं. अखेरचे दोन सेंटीमीटर जोर लावून सरकली म्हणजे बरोबर.

रीळ सीट, म्हणजे रीळ जिथे बसवतात ती जागा, हा रॉडमधला असा भाग की तो नंतर उघडता येत नाही. खराब झाली तर उभी चिरूनच काढावी लागते. म्हणून तिथे मी वेळ घालवतो. ब्लँक बारीक, सीटचं भोक मोठं. मधली पोकळी भरायला बरेच जण मास्किंग टेपचे वेढे देतात. सैल झालेल्या सीट चिरून पाहिल्या की आत पाण्याने कुजून लिबलिबीत झालेला टेपच सापडतो, म्हणून मी कठीण फोमचे आर्बर, म्हणजे ती पोकळी भरणारी कडी, वापरतो. त्यांवर खाचा पाडल्या की इपॉक्सी चारही बाजूंनी भरून येतं. सीटचा हूड, म्हणजे रिळाचा पाय धरणारी टोपी, खुणेच्या रेषेत आला का हे इपॉक्सी ओलं असेपर्यंतच बघता येतं. रीळ लावून, समोरून डोळा लावून मी तिरपेपणा काढला.

गाइड कुठे बसवायचे, हा रॉड बांधण्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. माझ्या मते ब्लँक कितीही चांगला असला तरी रॉड हलका वाटेल की जड, लांब फेकेल की जवळ, हे इथे ठरतं. फुटाला एक गाइड आणि वर एक, हा ढोबळ नियम सुरुवातीला पुरतो. 7 फुटाला 8 गाइड आणि टिप-टॉप. पण अंतरं ठरवायला तो पुरत नाही.

स्पिनिंग रिळावरून लाइन सुटते ती मोठमोठे वेटोळे घालत. पहिल्या दोन-तीन गाइडांचं काम ते वेटोळे आवळून लाइन सरळ करायचं. रिळाचा अक्ष किंचित वर झुकलेला असतो. त्याची रेषा पुढे वाढवली की ती ब्लँकला एका जागी मिळते. त्या जागेच्या आसपास वेटोळे आवळून पूर्ण होतील अशी पहिली गाइड मांडली. 20 मिलिमीटरचं पहिलं, उंच पायाचं, रिळापासून अर्ध्या मीटरच्या आसपास, मग 10, मग 5.5. त्यापुढची पाचही 5.5चीच, बुटकी आणि एका पायाची. टोकाकडे गाइड जितकं लहान, तितका रॉड फेकल्यावर चटकन सरळ होतो. बुडाशी दहा ग्रॅम वाढले तर समजतही नाहीत. टोकाशी एक ग्रॅम वाढला तरी रॉड सुस्त होतो, आणि काकांच्या खांद्याला तोच ग्रॅम नको होता.

मांडलेले गाइड मी चिकटवत नाही. रबरी नळीच्या बारीक रिंगांनी पाय ब्लँकवर धरून ठेवतो, म्हणजे बोटाने सरकवता येतात. बूड भिंतीवरच्या धारकात अडकवलं, लाइन ओवली, टोकाला ओढ दिली आणि बाजूला उभं राहून बघितलं. लाइनने ब्लँकचा बाक धरून चाललं पाहिजे. दोन गाइडांच्या मध्ये ती ब्लँकपासून दूर जाऊन सरळ काठीसारखी ताणली गेली, तर तिथे अंतर जास्त आहे. एका गाइडवर तिचा कोन एकदम मोडला, तर त्या गाइडवर जास्त भार येतोय. टोकाकडून तिसरं गाइड दीड सेंटीमीटर मागे घेतलं आणि कोन गेला. मग चौथं जरासं पुढे. ओढ देताना लाइन आणि बूड यांच्यातला कोन काटकोनाच्या आतच ठेवायचा. रॉड त्याहून मागे नेला की सगळा भार टोकाच्या दोन-तीन वितींवर येतो, आणि मासा हातात घेताना रॉड डोक्यामागे नेणाऱ्यांचे रॉड मोडतात ते याचमुळे.

भिंतीवर जमलं ते मैदानात पडताळलं. गळ न लावता, फक्त वजन बांधून, रबराच्या रिंगांवर धरलेले गाइड तसेच ठेवून रॉड फेकला. पहिलं गाइड रिळाजवळ ओढलं तर लाइन त्याला फटके मारते, आवाज येतो; दूर नेलं तर आवाज जातो, पण वेटोळे पुढच्या गाइडवर आदळतात. कान लावून मधली जागा सापडली. तिथे पेन्सिलीने खूण केली.

आता बांधणी. प्रत्येक गाइडचा पाय मी कानशीने घासून टोकाशी कागदाइतका पातळ करतो, म्हणजे धागा ब्लँकवरून पायावर चढताना पायरी लागत नाही. पायाच्या खालच्या बाजूला बोट फिरवून बघतो. तिथे धातूचा एक बारीकसा कंगोरा राहिला तर तो ब्लँकला कापतो.

धागा नायलॉनचा, ए मापाचा, हलक्या रॉडसाठी पुरेसा. सुरुवात पायाच्या टोकाच्या थोडं अलीकडे, ब्लँकवर. धाग्याचं टोक स्वतःच्याच वेढ्यांखाली येईल असे चार-पाच वेढे घेतले की ते दाबून धरलं जातं, मग उरलेलं कापायचं. ब्लँक दोन आधारांवर ठेवून हातांनी आपल्याकडे फिरवायचा. धागा ताणातून येत असतो, आणि डाव्या अंगठ्याचं नख प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याला भिडवतं. पाय सुरू होतो तिथे धागा घसरायला बघतो. तिथे वेग कमी करायचा. कड्याच्या बुंध्याशी पोहोचायला सहा-सात वेढे राहिले की वेगळ्या धाग्याचा फास त्यांच्याखाली आडवा ठेवायचा, उरलेले वेढे त्याच्यावरून घ्यायचे, धागा कापून त्याचं टोक फासात ओवायचं आणि फास ओढायचा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. गाठ कुठेच नाही. ते नव्या ब्लेडने कापलं आणि गुळगुळीत चमच्याच्या पाठीने वेढे घासले की मधल्या फटी मिटतात.

ताण किती, याचं माझं एकच माप: वेढे पूर्ण झाल्यावरही गाइड अंगठ्याने ढकलून केसभर सरकलं पाहिजे. सगळे बांधून झाले की टोकाकडून एका डोळ्याने बघत ते एका रेषेत आणता येतात. फार आवळलं तर गाइड सरकत नाहीच, शिवाय रॉड वाकताना पायाच्या टोकाखाली ब्लँक चिरडला जातो.

रंग टिकवायला धाग्यावर कलर प्रिझर्व्हर लावतात. तो न लावता इपॉक्सी दिलं की नायलॉन पारदर्शक होतं, लाल विटकरी होतं, खालचा पाय दिसायला लागतो. मी लावत नाही. प्रिझर्व्हर धाग्यात आधीच मुरतो आणि इपॉक्सीला आत शिरू देत नाही. मला इपॉक्सी धाग्याच्या आत हवं असतं. काकांसाठी गडद निळा धागा घेतला, जो ओला झाल्यावर जवळजवळ काळा दिसतो.

इपॉक्सीचे दोन भाग सारख्याच मापाने, प्रत्येकासाठी वेगळी सिरिंज. माप चुकलं तर थर कधीच सुकत नाही, बोटाला चिकटत राहतो. सिरिंज सिलिकॉनचं वंगण नसलेली घ्यायची. ते इपॉक्सीत उतरलं तर थराला डोळ्यांसारखे खड्डे पडतात. बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या की द्रव पातळ होतो आणि बुडबुडे लवकर सुटतात. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळून मिश्रण ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरवलं. कपात ढीग राहिला की स्वतःच्याच उष्णतेने ते लवकर आळतं. पसरवलं की जास्त वेळ हाताशी राहतं.

ब्रश बारीक. रॉड मोटरवर मिनिटाला दहाएक फेऱ्यांनी फिरत असतो, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून थेंब होतात. आधी पायाच्या दोन्ही कडांच्या बोगद्यात ब्रशचं टोक टेकवून इपॉक्सी आत जाऊ द्यायचं, कारण पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं. मग वेढ्यांवर, आणि दोन्ही बाजूंना वेढ्यांच्या मिलिमीटरभर पुढे. पहिला थर इतका पातळ की धाग्याचे उंचवटे दिसत राहावेत. राहिलेल्या बुडबुड्यांवरून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर फिरवली की ते फुटतात. मोटर पाच-सहा तास चालू ठेवली, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. जाड एकच थर दिला तर वेळ वाचतो, पण मधे फुगलेला, जड गोळा तयार होतो. तो उद्या सोलायला घेतलेल्या माणसाचा अंत बघतो.

टिप-टॉप मी गरम गोंदाने बसवलं. गाइड वेढ्यांनीच धरलेले, पायाखाली वेगळा गोंद नाही.

प्रत्येक रॉडचं मी एक कार्ड करतो: टिप-टॉपच्या नळीचं माप, टोकापासून प्रत्येक गाइडचं अंतर मिलिमीटरमध्ये, गाइडचा आकार आणि कड्याचं सिरॅमिक, धाग्याचा रंग आणि क्रमांक, इपॉक्सी कोणतं. टिप-टॉपचं माप आणि लांबी मुठीपुढे ब्लँकवरही पांढऱ्या शाईने लिहून त्यावर इपॉक्सी देतो, म्हणजे कार्ड हरवलं तरी पुढच्या माणसाला अंदाज करत बसावं लागत नाही.

काकांच्या रॉडचं 10चं गाइड पुढे खडकावर आपटून तडकलं. त्यांनी कापूस फिरवून तडा स्वतःच शोधला होता. रॉड माझ्याकडे पोहोचायच्या आत नवं गाइड आणि तोच धागा कार्डावरून बघून टेबलावर काढून ठेवला होता. जुने वेढे सोलायला फार वेळ लागला नाही, ब्लँक खाली स्वच्छ होता. नवे वेढे बाकीच्यांपेक्षा थोडे उजळ दिसले, कारण जुन्या इपॉक्सीला उन्हाने पिवळट झाक आली होती. काकांच्या ते लगेच लक्षात आलं.

"मग बाकीचे पण बदलून टाकायचे का?" त्यांनी विचारलं.

"नको काका," मी म्हटलं. "ते अजून घट्ट आहेत."